लॅब्रॅडॉर ३८ हजारांचा घ्यावा की १२ हजारांचा?

प्रश्न: आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हातात येणारा पगार ६२,०००. घराचा हप्ता २१,०००, घरखर्च २९,०००, एसआयपी ५,०००. एफडीत १,१०,००० आहेत. मुलीला लॅब्रॅडॉर हवाय. कागदपत्रांसह पिल्लू ३८,०००ला, बिनकागदाचं १२,०००ला मिळतंय. त्याचा महिन्याचा खर्च साडेचार हजार धरलाय. एफडीतून ४०,००० काढू का?

उत्तर: नका काढू. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५० हजार जातात, म्हणजे तुमची सगळी गंगाजळी जेमतेम दोन महिन्यांची. ४० हजार गेले तर दीड महिनाही निघणार नाही.

पिल्लाच्या किमतीवर तुम्ही बराच खल केलेला दिसतो, पण ती यातली सर्वांत किरकोळ रक्कम. तुमच्याच अंदाजाने वर्षाला ५४ हजार. कुत्रा अकरा वर्षं जगला तर ५ लाख ९४ हजार. दोन पिल्लांतला २६ हजारांचा फरक सहा महिन्यांच्या खर्चाएवढाही नाही. बघायचे ते आई-बापाचे खुबे.

लॅब्रॅडॉर मुळात बंदुकीने पाडलेला पक्षी उचलून आणणारा शिकारी कुत्रा. या जातीत हिप डिसप्लेशिया वंशातून येतो: खुब्याचा सांधा खोबणीत सैल राहतो, झिजतो, आणि कुत्रा जिना चढेनासा होतो. कोपराचाही असाच दोष असतो. तीस किलोचं जनावर तीन मजले कोण उचलणार, हे आजच घरात ठरवा. हळूहळू आंधळं करणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आणि जोरात पळल्यावर मागचे पाय लुळे पडण्याचा आजार, हेही आनुवंशिक. त्यांत आई-बाप दोघेही धडधाकट दिसतात, पण दोघांत सदोष जनुकाची एकेक प्रत असली तर प्रत्येक पिल्लाला धोका चारात एक. ते डीएनए चाचणीत कळतं. खुब्यामागे मात्र अनेक जनुकं, शिवाय वजन आणि आपली गुळगुळीत फरशी. तिथे आई-बापाचे एक्स-रेच मागायचे.

केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. विकणाऱ्याकडून ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ एवढंच उत्तर मिळालं, तर ३८ हजारांचं आणि १२ हजारांचं पिल्लू माझ्या लेखी सारखंच. विम्यावरही विसंबू नका. आनुवंशिक आजार बहुतेकदा वगळलेल्या बाबींत असतात. ते पान आधी वाचा.

मी तुमच्या जागी असते तर दोन-तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर दत्तक घेतला असता. बदली झाली, परदेशी गेले, म्हणून चांगले कुत्रे सोडणारे लोक असतात. पिल्लाचा खुबा पुढे कसा निघेल सांगता येत नाही, वाढ पूर्ण झालेल्याचा एक्स-रेत दिसतो. मुलगी थोडी हिरमुसेल, चालायचंच.

सध्या महिन्याला ७,००० उरतात. सहा महिने ते वेगळ्या खात्यात टाका: ४२,००० होतील, आणि साडेचार हजार दरमहा खरंच निघतात का हेही कळेल. कुत्रा आल्यावर उरलेल्या २,५०० ची आरडी फक्त त्याच्या दवाखान्यासाठी.

आणि खाणं मोजूनच. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर झालेल्या अभ्यासात २५ टक्के कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले, सांधेही उशिरा दुखू लागले. आमचा लॅब्रॅडॉर पोळीच्या वासाने गाढ झोपेतून उठून यायचा, त्यामुळे हे किती अवघड आहे मला माहीत आहे. मोजायची वाटी मुलीच्या ताब्यात द्या, आजीच्या नको.