वाचकांचे प्रश्न : तुपातली तपकीर

प्रश्न : नोकरीनिमित्त मी चार वर्षांपासून म्युनिकमध्ये राहतो. कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकदा त्यांच्या डबीतील चिमूटभर तपकीर दिली. ती काळसर आणि ओलसर होती, आणि तिचा सुकलेल्या फळांसारखा वास मला फार आवडला. पुढे मी स्वतः दुकानातून डबी आणली, तर ती मेंथॉलची निघाली. ती ओढली की पाच मिनिटे नाक अगदी मोकळे वाटते आणि पाव तासाने एक नाकपुडी बंद होते, कधी उजवी तर कधी डावी. बव्हेरियाची जुन्या पद्धतीची, मेंथॉल नसलेली आणि नाक न चोंदवणारी तपकीर कशी निवडावी?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : आपण एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत आणि दोहोंचे उत्तर एकाच डबीत सापडेल असे गृहीत धरले आहे. मेंथॉल टाळणे सोपे आहे. नाक चोंदणे टाळणे मात्र डबीपेक्षा आपल्या नाकावर आणि चिमटीवर अधिक अवलंबून आहे.

आपल्या सहकाऱ्यांनी दिलेली तपकीर, वर्णनावरून पाहता, ‘श्माल्त्सलर’ असावी. बव्हेरियाची स्वतःची म्हणावी अशी तपकीर हीच. तिचा मुख्य आधार ब्राझीलमधून येणारा, दोरासारखा वळून आंबवलेला गडद तंबाखू हा असतो. तो दळून त्यात स्निग्ध पदार्थ मिसळतात, त्यामुळे तिला भिजवून निथळलेल्या चहाच्या भुकटीसारखा पोत येतो. दुकानाच्या गल्ल्याजवळ मांडलेली जी डबी नवख्या माणसाच्या हाती सहसा पडते, ती वेगळ्या कुळातली असते. सर्वांत परिचित उदाहरण ‘ग्लेचरप्रीझ’चे. या नावाचा अर्थच ‘हिमनदीची चिमूट’ असा आहे आणि थंडावा हेच तिचे वैशिष्ट्य आहे. ती बनवणारी प्योश्ल ही कंपनी १९०२ मध्ये लांड्सहूट येथे सुरू झाली आणि आता जवळच्याच गाइझनहाउझनमध्ये आहे. हीच कंपनी ‘श्माल्त्सलरफ्रान्झल’ही बनवते. म्हणून उत्पादकाचे नाव किंवा ‘बव्हेरियात तयार केलेली’ हे शब्द पाहून निवड करू नये, तपकिरीचा प्रकार पाहून करावी.

आपण डबीवर ‘मेंथॉलविरहित’ हे शब्द शोधले असतील आणि ते मिळाले नसतील, तर त्यात दुकानदाराचा दोष नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू निर्देशानुसार वेष्टनावर चवीचा, वासाचा किंवा एखाद्या पूरक द्रव्याचा उल्लेख करता येत नाही, आणि ते द्रव्य नसल्याचाही करता येत नाही. गंमत अशी की याच निर्देशामुळे मे २०२० पासून मेंथॉलच्या सिगारेटी बंद झाल्या, तपकिरीतले मेंथॉल मात्र राहिले, कारण स्वादावरची ती बंदी तपकिरीला लागू नाही. ग्राहकाच्या वाट्याला यातून एवढेच आले की मेंथॉल आहे, पण ते आहे की नाही हे डबी सांगत नाही. तेव्हा तंबाखूच्याच स्वतंत्र दुकानात जावे, ‘श्माल्त्सलर, ओने मेंथोल’ असे स्पष्ट मागावे आणि नावात बर्फ, हिमनदी किंवा ताजेपणा यांचा इशारा असेल तर ती डबी बाजूला ठेवावी.

डबी उघडल्यावरही खात्री करून घेता येते. पातळ पांढऱ्या कागदावर चिमूटभर तपकीर ठेवून बोटाने हलकेच दाबा. श्माल्त्सलर असेल तर ती गोळा होते, पिठासारखी उडत नाही आणि काही वेळाने कागदावर तेलकट कड उमटते. मग डबी नाकाशी न नेता वीतभर अंतरावर धरा. मेंथॉल असेल तर एवढ्या अंतरावरूनही डोळ्यांच्या कोपऱ्यांना गारवा जाणवतो. नसेल तर मनुका, जुने लाकूड, ओली माती असा काहीसा वास येतो. काही प्रकारांत अमोनियाचा झणका असतो. तो बिघाडाचा नव्हे, प्रक्रियेचा भाग आहे आणि डबी थोडा वेळ उघडी ठेवली की पुष्कळसा उतरतो.

आता चोंदण्याविषयी. मेंथॉलने नाक मोकळे होत नाही, मोकळे झाल्यासारखे वाटते. आपल्या नाकातील चेतातंतूंवर थंडी ओळखणारी जी ग्राहके असतात त्यांना मेंथॉल चेतवते, आणि आत जाणारी हवा गार लागली की मेंदू ‘वाट मोकळी आहे’ असा अर्थ काढतो. हवेला होणारा अडथळा मोजून पाहिला तर तो तेवढाच राहिलेला असतो. दरम्यान तंबाखूची भुकटी आपले काम करत असते. कोणतीही झोंबणारी बारीक पूड आत गेली की नाक स्राव सोडते आणि आतील अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात. पहिली पाच मिनिटे हा फुगवटा मेंथॉलच्या आड दडतो. गारवा ओसरला की तो उघडा पडतो. पाव तासाने नाक ‘बंद होते’ असे आपल्याला वाटते, पण ते बंद व्हायला सुरुवात झालेली असते ती पहिल्या शिंकेपासूनच.

नाकपुडी आलटून पालटून बंद होते हे आपण आवर्जून लिहिलेत ते फार बरे झाले. निरोगी माणसाचे नाकही दोन्ही बाजूंनी सारखे मोकळे नसते. काही तासांच्या अंतराने एका बाजूचे अस्तर फुगते आणि दुसऱ्या बाजूचे उतरते. एरवी हे लक्षात येत नाही, पण त्यावर तपकिरीची सूज चढली की आधीच अर्धी भरलेली बाजू पूर्ण मिटते. म्हणजे कधी उजवी, कधी डावी हे बहुधा त्या चक्राचेच वाढलेले रूप आहे. हेच नेहमी एका ठरावीक बाजूला होत असते, किंवा त्यासोबत रक्त आले असते, तर तपकिरीची चर्चा इथेच थांबवून मी आपल्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले असते.

तपकीर ओढायचीच असेल तर भरड आणि ओलसर प्रकार बारीक व कोरड्या प्रकारापेक्षा सोसायला सोपा जातो, कारण त्याची धूळ उडून मागे जात नाही. जुन्या श्माल्त्सलरच्या बाजूने बोलण्यासारखे एवढे एक कारण निश्चित आहे. परंतु चांगली तपकीरही चुकीच्या पद्धतीने ओढली तर तिचा काही उपयोग नाही. अंगठा ताणला की मनगटाजवळ जो खळगा पडतो त्याला शरीरशास्त्रात ‘तपकिरीची डबी’ असेच नाव आहे. त्या खळग्यात, किंवा बव्हेरियात करतात तसे हाताच्या पाठीवर, मसुराच्या दाण्याएवढी तपकीर ठेवावी आणि फुलाचा वास घ्यावा तितक्याच हलक्या श्वासाने ती नाकाच्या पुढच्या भागापर्यंत येऊ द्यावी. मी पहिल्यांदा ती नेटाने ओढली होती. सगळी घशात उतरली आणि पुढचा अर्धा तास मी पाणी पीत आणि यजमानांची क्षमा मागत बसलो होतो. बव्हेरियात मिनिटभरात ५ ग्रॅम तपकीर नाकात भरण्याच्या स्पर्धा होतात, त्या पाहून कोणी मात्रा ठरवू नये. दहा-पंधरा मिनिटांनी नाक हळुवार शिंकरावे, त्यासाठी गडद रंगाचा मोठा रुमाल जवळ असावा आणि रात्री कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवावे.

सर्दी असताना किंवा नाक आधीच चोंदलेले असताना तपकीर ओढू नये, मग ती कोणतीही असो. चोंदलेले नाक उघडण्यासाठी औषधांच्या दुकानातले थेंब रोज घालून त्यावर तपकीर ओढण्याची युक्ती काही जण करतात. ती सर्वांत वाईट, कारण ते थेंब आठवड्याहून अधिक काळ वापरले की त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते. मेंथॉल नसलेली श्माल्त्सलर आणून, मात्रा कमी करूनही पाव तासाने नाक मिटत असेल, तर तिसरी डबी शोधू नका. आपल्या नाकाला तंबाखू सोसत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपण आधीच ओढता म्हणून इतके सविस्तर लिहिले. न ओढणाऱ्याला मी यातले काहीही सुचवणार नाही. तपकिरीतले निकोटिन नाकाच्या अस्तरातून काही मिनिटांत रक्तात पोहोचते आणि त्याची सवय लागते. धूर नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. धूरविरहित तंबाखूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. अतिरेकी तपकीर आणि नाकातील गाठी यांचा संबंध तर लंडनच्या जॉन हिल यांनी १७६१ मध्येच मांडला होता. डबीवर ‘हे तंबाखू उत्पादन आपल्या आरोग्याला हानी करते आणि व्यसन लावते’ हे जर्मन वाक्य छापलेले असते. वेष्टनावरच्या मजकुरात तेवढे एक वाक्य शंका न घेता खरे मानावे.

प्रश्न : आमचे घर शाकाहारी आहे. माझ्या यजमानांना श्माल्त्सलर आवडते. जर्मनच्या वर्गातील शिक्षिकेने मात्र ‘श्माल्त्स म्हणजे डुकराची चरबी’ असे सांगितले, तेव्हापासून ती डबी देवघराच्या खोलीबाहेर गेली आहे. खरे काय आहे?
— एक वाचक, न्यूरेंबर्ग

उत्तर : शिक्षिकेचे चुकले नाही. नुसते ‘श्माल्त्स’ म्हटले की जर्मन माणसाच्या डोळ्यांसमोर डुकराची किंवा हंसाची वितळवलेली चरबीच येते. पण तपकिरीच्या नावातले श्माल्त्स म्हणजे ‘बुटरश्माल्त्स’, लोणी कढवून काढलेले स्निग्ध द्रव्य, आपल्या भाषेत चक्क तूप. पूर्वी ब्राझीलच्या तंबाखूच्या पुडीला तुपाचा हात लावत, त्याने ती मऊ राहत असे आणि उडत नसे. तूपच ते, दिवस गेले की खवट होणार. त्यामुळे आजच्या कारखान्यात त्याची जागा शुद्ध केलेल्या खनिज तेलाने घेतली आहे. म्हणजे डबीत बहुधा डुक्कर नाही आणि गायही नाही. तरीही कोणी घरगुती पद्धतीने मळलेली तपकीर भेट दिली, तर तिच्यात काय घातले आहे हे विचारून घ्यावे.

शाकाहाराचे समाधान झाले तरी एक गोष्ट यजमानांच्या कानावर घालावी. नाकात खनिज तेलाचे थेंब वर्षानुवर्षे घालणाऱ्यांच्या फुप्फुसात ते तेल झिरपून दाह होऊ शकतो, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. तपकिरीतील तेल थोडे असते, पण निजताना, आडवे होऊन चिमूट घेण्याची सवय असेल तर ती मोडावी. डबी देवघरात परत न्यायची की नाही, हा निर्णय मी आपल्यावर सोपवतो.

प्रश्न : बव्हेरियन जंगलाच्या भागात फिरताना जुन्या बाजारात तपकिरीची एक चपटी, रंगीत काचेची कुपी घेतली. तिच्यात तपकीर भरून वापरावी का?
— एक वाचक, पासाउ

उत्तर : त्स्वीझल, फ्राउएनाउ या परिसरातील काच कारागीर अशा कुप्या स्वतःसाठी आणि मित्रांसाठी, उरल्यासुरल्या काचेतून फुरसतीच्या वेळी फुंकत. म्हणूनच एकीसारखी दुसरी सापडणे कठीण. ग्राफेनाउमध्ये तपकिरीचेच संग्रहालय आहे, तिथे आपली कुपी सोबत नेऊन तुलना करून पाहावी. रेगेन्सबुर्गलाही बेर्नार्ड घराण्याचा तपकिरीचा जुना कारखाना पाहता येतो. हे घराणे १७३३ मध्ये ओफेनबाखला सुरू झाले आणि १८१२ मध्ये रेगेन्सबुर्गला आले.

कुपी वापरण्यास हरकत नाही, परंतु आतील जुना थर आधी काढला पाहिजे. कढत पाणी घालू नका, रंगांचे थर वेगवेगळे तापून काच तडकते. कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा द्राव आणि मूठभर कच्चे तांदूळ घालून हलवावे, मग कुपी उलटी ठेवून दोन दिवस वाळवावी. बुचाला तडा गेला असेल तर नवे बूच घट्ट बसवून घ्यावे, कारण श्माल्त्सलर एकदा वाळली की तिची नुसती धूळ उरते. कुपीत आठवड्याला पुरेल एवढीच तपकीर भरावी आणि उरलेली तिच्या मूळ डबीत, झाकण लावून, सावलीत ठेवावी.