पेटी आधी माळ्यावरून खाली काढा

प्रश्न : अमळनेर तालुक्यात माझी कोरडवाहू शेती आहे. मुलगी जळगावला वसतिगृहात राहून संगीत घेऊन बी.ए. करते. गाण्याची ‘विशारद प्रथम’ ही परीक्षा झाली आहे, पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ५८ टक्केच पडले. कॉलेजच्या संगीत मंडळाची ती सचिव आहे, सगळा वेळ त्यातच जातो. गाण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः भजनी मंडळात आहे, सखाराम महाराजांच्या यात्रेला आमचं भजन असतं. पण पोटापाण्याचं काय? सुटीत ती घरी आली तेव्हा मी तिची पेटी (हार्मोनियम) माळ्यावर टाकली आणि मंडळ सोडायला सांगितलं. आता तिला मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायला लावून तलाठी-पोलीस भरतीचा क्लास लावणार आहे. संगीताची पदवी विशारदमुळे मिळेलच. दोन वर्षांत नोकरी नाही लागली तर लग्न करून टाकू. मंडळाच्या वहीचे फोटो पाठवतो, काय उद्योग चालतात ते पाहा. क्लास कोणता चांगला? – एक पालक

उत्तर : भाऊ, नमस्कार. क्लासचं मागून बघू. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पेटीपाशी अडकले. यात्रेत बोरी नदीच्या पात्रात तुम्ही टाळ धरून उभे राहता, ते बघतच ही पोर मोठी झाली असणार. गाणं तिनं कॉलेजात जाऊन उचललं नाही, ते तुमच्याच घरातून गेलं. आणि तुम्हीच पेटी माळ्यावर टाकली, तीही तिच्या डोळ्यांदेखत. ५८ टक्के म्हणजे नापास नव्हे हो.

त्याहून मला खटकलं ते दोन वर्षांच्या मुदतीचं. भरतीची जाहिरात कधी निघेल, परीक्षा कधी होईल, निकाल कधी लागेल, यातलं काहीही तिच्या हातात नाही. जे तिच्या हातात नाही ते वेळेत झालं नाही म्हणून तिचं लग्न लावायचं? लग्न जरूर करा, स्थळ चांगलं असेल आणि तिच्या मनात असेल तेव्हा. नोकरी लागली नाही याची शिक्षा म्हणून करू नका. डोक्यावर अशी तलवार ठेवून कोणतंही पोरगं अभ्यास करू शकत नाही. तलाठ्याचाही नाही आणि तोडी रागाचाही नाही.

आता वही. तुम्ही ती उद्योग दाखवायला पाठवलीत, मी बारकाईनं वाचली. वर्षभराच्या नियोजनात तिनं अकरा कार्यक्रम लिहिले आहेत. त्यातल्या सातांपुढे नुसतं ‘स्वागतगीत’ आहे. पाहुणे येणार, मुली एकसारख्या साड्या नेसून चार ओळी म्हणणार आणि नारळ-शाल होईपर्यंत उभ्या राहणार. यावर मी तुमच्या बाजूनं आहे. संगीत मंडळ म्हणजे कॉलेजच्या स्टेजची आरास नव्हे. सातातले पाच कार्यक्रम तिनं सरळ नाकारावेत, मी सांगितलं म्हणून सांगावं. युवारंगची तयारी असू द्या, विद्यापीठाच्या त्या महोत्सवात इतर कॉलेजांचं गाणं कानावर पडतं, तेवढं पुरे.

पण त्याच वहीत मागच्या बाजूला, पेन्सिलीनं, एक पान आहे. ते तुम्ही पाहिलंत का? ‘शनिवार सकाळ, जिल्हा परिषद शाळा, चौथीचा वर्ग’ असं वर लिहिलंय. खाली : ‘गुरुजी प्रार्थना स्वतःच्या पट्टीत, काळी एकमध्ये धरतात. अंतरा तार षड्जाला गेला की मुलं ओरडतात. काळी पाच धरून पाहिली, ओरडणं थांबलं.’ (काळी एक, काळी पाच म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर गाण्याचा ‘सा’ धरायचा ती; तार षड्ज म्हणजे वरचा ‘सा’. खालची काळी पाच धरली की मुलांना तो झेपतो.) त्याखाली : ‘आधी टाळी, मग शब्द, मग सूर. पेटी शेवटच्या फेरीला.’ आणि पुढच्या महिन्यासाठी : ‘भुलाबाईची दोन गाणी. चार-पाच सुरांत बसतात, नवख्या मुलांना झेपतील. आजीकडून चाल पक्की करून घेणे.’

भाऊ, विशारदला बसलेली, छान तान घेणारी मुलं माझ्याकडे बरीच येतात. वर्ग का ओरडतोय हे ऐकून पट्टी बदलणारी क्वचित येतात. गाता येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम चाळीस मुलांपुढे उभं राहिल्याशिवाय येत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं, ते पाठ्यक्रम, पुस्तकं आणि परीक्षांसकट. मंडळाच्या वहीत १८ ऑगस्टला त्यांची जयंती आहे, पुढे ‘प्रतिमापूजन, हार’ असं लिहिलंय. त्या दिवशी हाराचे पैसे वाचवून मंडळातल्या प्रत्येकानं एका शाळेत एक तास घ्यावा.

तुमचा एक गैरसमज मात्र महागात पडेल. विशारद म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून मोजलं तर विशारद पूर्ण ही सातवी परीक्षा, त्यापुढे अलंकार. साधनेला तिचं मोल आहेच. काही ठिकाणी ती समकक्ष धरतात, काही ठिकाणी धरत नाहीत आणि धरली तरी सोबत दुसऱ्या अटी असतात. शेवटचा शब्द जाहिरातीचा. केंद्रीय विद्यालयाच्या संगीत शिक्षकाला बारावीला ५० टक्के आणि संगीतातली पदवी किंवा समकक्ष पात्रता लागते. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि त्यावर नेट, सेट किंवा पीएच.डी. म्हणजे तुम्ही जे सोडायला सांगताय, ते बी.ए.चं तिसरं वर्षच या दाराची किल्ली आहे. आज संगीत सोडून दुसऱ्या विषयात बी.ए. झाली आणि उद्या जाहिरात आली, तर ‘समकक्ष’ या एका शब्दावर अर्ज अडकेल.

बाकीचे रस्ते तिला माहीत असतील : बी.एड., नवोदय विद्यालयाची भरती, आकाशवाणी जळगावची स्वरचाचणी. जिल्हा परिषद शाळेत संगीताचा स्वतंत्र शिक्षक सहसा नसतो, हे मी लपवत नाही. जागा थोड्या आहेत आणि सुरुवातीला शिकवण्या घेऊन काढावं लागेल. तलाठ्याची परीक्षा तिला द्यायची असेल तर कोणत्याही शाखेची पदवी चालते. तिसरं वर्ष पूर्ण करून द्यावी.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : यंदा कोणताच क्लास नको. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश कॉलेजातच घ्या. मंडळाचं सचिवपद तिनं दुसऱ्याला द्यावं, कारण पत्रव्यवहार आणि खुर्च्या मोजण्यात तिची संध्याकाळ जाते आणि ५८ टक्के तिथूनच आलेत. शनिवारचा वर्ग मात्र सोडू नये. प्रत्येक तासाची नोंद त्याच वहीत तारखेसह ठेवावी, मुलाखतीला ती वही घेऊन जावी.

आणि पेटी आजच खाली काढा. पावसाळ्याच्या दमटात आतल्या सुरांच्या पट्ट्या खराब होतात, भात्याला उंदीर लागतात. त्या पेन्सिलीच्या पानावर तळाला तिनं साहित्याची यादी केली आहे. शेवटची ओळ अशी : ‘टाळ, दहा जोड. कुठून आणायचे?’ तुमच्या भजनी मंडळाकडे तेवढे असतीलच. एखाद्या शनिवारी पहाटेच्या गाडीनं तुम्हीच घेऊन या.