कॅनडात ट्रेलर चालवायचाय? टेस्ट मॅन्युअलवरच द्या

तुमचा प्रश्न असा: सिंक्रोमेश (गिअरचा वेग स्वतः जुळवून घेणाऱ्या) गिअरबॉक्सवर ट्रेलर चालवायची सवय आहे, ओंटारिओत जायचंय, तिथल्या बऱ्याच गाड्या आता ऑटोमॅटिक, मग टेस्ट ऑटोमॅटिकवर देऊन मोकळं का होऊ नये?

नको. 1 जुलै 2022 पासून ओंटारिओत क्लास ए ची (म्हणजे ट्रेलरच्या लायसन्सची) रोड टेस्ट ऑटोमॅटिक किंवा ऑटोमेटेड (गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच, पण क्लच आणि गिअर यंत्रणाच बदलते) गाडीवर दिली की लायसन्सवर तशी अट पडते आणि मॅन्युअल ट्रेलर चालवता येत नाही. अट काढायला मॅन्युअल गाडीवर पुन्हा टेस्ट. अमेरिकेत सीडीएलवर (तिथलं व्यावसायिक गाड्यांचं लायसन्स) 'ई' अट असते ती हीच. मॅन्युअलवर पास झालात तर दोन्ही चालवा. 103.5 तासांचं सक्तीचं ट्रेनिंग काही चुकत नाही, तेव्हा फी भरण्याआधी स्कूलला विचारा: टेस्टला गाडी कुठली, गिअर किती, आणि स्टिअरिंगवर मी किती तास?

तिथला मॅन्युअल म्हणजे बहुतेक ईटन फुलर, 10, 13 किंवा 18 गिअरचा, आणि त्याला सिंक्रो नाही. सिंक्रोची सवय असलेला ड्रायव्हर नेमका इथेच अडतो. वरचा गिअर टाकताना साधारण 1500 आरपीएमला क्लच दोन-तीन इंच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा; आरपीएम 1100 च्या आसपास उतरले की पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. खालचा टाकताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून एक्सिलरेटरने आरपीएम वर आणायचे. हे आकडे 10 गिअरचे. 18 मध्ये नुसता स्प्लिटर (एका गिअरचे दोन टप्पे करणारं बटण) बदलला तर फरक 200 च्या आसपासच. रेंजचं बटण (खालच्या गिअरांच्या गटातून वरच्या गटात नेणारं) गिअर काढण्याआधी फिरवून ठेवायचं, रेंज न्यूट्रलमधून जाताना बदलते.

पाय मात्र फरशीला टेकवू नका. पेडलच्या शेवटच्या इंचात क्लच ब्रेक लागतो. तो गाडी उभी असताना पहिला किंवा रिव्हर्स टाकण्यापुरता. चालत्या गाडीत दाबला तर त्याच्या चकतीचे कान तुटतात, मग उभ्या गाडीतही गिअर कर्रर्र करत जातो. दोन तुकड्यांचा क्लच ब्रेक गिअरबॉक्स न उतरवता बसतो, अख्खा बसवायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो.

आता कुणाला काय आवडतं. ओंटारिओ-क्युबेकच्या हायवेवर लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांकडे 12 गिअरचे ऑटोमेटेड जास्त: व्होल्वो आय-शिफ्ट, डेट्रॉइट डीटी12, ईटन कमिन्स एन्ड्युरंट. पश्चिमेला अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियात लाकडाच्या, तेलक्षेत्राच्या आणि 63,500 किलोपर्यंतच्या बी-ट्रेनच्या (एकामागे एक दोन ट्रेलर) कामात 18 गिअरवाल्याला अजून मान आहे. लोड घेऊन चढावर गिअर कधी बदलायचा हे त्याला स्वतः ठरवता येतं. (युरोपात या वादाला फारसा अर्थ उरलेला नाही; तिथे नवीन गाड्या जवळजवळ सगळ्या 12 गिअरच्या ऑटोमेटेड.)

ऑटोमेटेड म्हणजे आपोआप सोपी, असंही नाही. आत क्लच आहेच, फक्त पेडल नाही. चढावर सिग्नलला एक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की तो तापतो, जळतो. सर्व्हिस ब्रेक (पायाचा नेहमीचा) वापरा. बर्फाळ चढावर मध्येच गिअर बदलला तर ओढ क्षणभर तुटते आणि चाकं घसरतात, म्हणून चढ सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये गिअर पक्का करा. उताराचंही तसंच: घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर आणि इंजिन ब्रेक, वेग चढल्यावर नाही. किल्ली फिरवल्यावर डिस्प्लेवर 'एन' दिसेपर्यंत स्टार्टर मारू नका, बंदही न्यूट्रलमध्येच करा.

ट्रकच्या आधी ओंटारिओचं पूर्ण जी (कारचं) लायसन्स, वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा लागते. एअर ब्रेकचा 'झेड' हा लायसन्सवरचा शेरा वेगळा, त्याशिवाय ट्रेलरचा फारसा उपयोग नाही. डबल क्लचचा (वर सांगितल्याप्रमाणे एका गिअरला क्लच दोनदा दाबायचा) सराव मात्र आत्ताच सुरू करा. सिंक्रो गाडीवरही तो करता येतो, फक्त क्लच पूर्ण न दाबण्याची सवय पायाला लावायची.