कोबोल, जुने असेम्ब्लर आणि १६ मेगाबाइटची रेषा

प्रश्न : आमच्या बँकिंग प्रणालीतला व्याज आकारणीचा कोबोल प्रोग्रॅम एका जुन्या असेम्ब्लर रुटीनला डायनॅमिक कॉल करतो. नव्याने कंपाइल केल्यापासून तिथे एस०सी४ अबेंड येतो, म्हणजे आपल्या वाट्याला नसलेल्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम मधेच बंद पडतो. वरिष्ठ म्हणतात, कंपाइलरला ‘डेटा(२४)’ हा पर्याय देऊन पाहा. सोर्समधले एक अक्षरही बदललेले नसताना असे का व्हावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : वरिष्ठांचा सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली तेव्हा पत्ता २४ बिटांचा होता आणि त्यातून १,६७,७७,२१६ बाइट, म्हणजे १६ मेगाबाइट एवढीच मेमरी गाठता येई; या मर्यादेलाच ‘रेषा’ म्हणतात. पत्ता ठेवण्याची प्रोसेसरमधली जागा, म्हणजे रजिस्टर, मात्र ३२ बिटांचे असल्यामुळे वरचा बाइट मोकळा राही, आणि काटकसरी प्रोग्रॅमर त्यात आपले फ्लॅग ठेवीत. पुढे आयबीएमच्याच ३७०-एक्सए रचनेने पत्ता ३१ बिटांचा केला. उरलेल्या एका बिटाला हात लावला नाही, कारण पॅरामीटर यादीतल्या शेवटच्या पत्त्याची खूण त्याच बिटावर करण्याची पद्धत रूढ होती.

रुटीनमध्ये एमोड (पत्ता किती बिटांचा समजायचा ते) लिहिलेला नसेल तर असेम्ब्लर तो २४ धरतो. समजा, तुमचा रेकॉर्ड हेक्साडेसिमल १२३४५६७८ या पत्त्यावर आहे. २४-बिट मोडमधले रुटीन त्यातले १२ सोडून देते आणि ३४५६७८ कडे जाते. ते पान तुमच्या जॉबच्या वाट्याचे नसेल तर अबेंड येतो, आणि ते नशीबच म्हणायचे. कारण असेल तर रुटीन भलताच डेटा वाचते, प्रसंगी त्यावर लिहितेही, आणि व्याज चुकल्याचे कळायला महिनाअखेर उजाडते. जुन्या कंपाइलच्या लिस्टिंगमधले पर्याय नव्याशी ताडून पाहा. फरक बहुधा तिथेच सापडेल : सोर्स तोच असला तरी बदललेल्या पर्यायामुळे डेटा रेषेच्या वर गेला असावा.

रेंट या कंपाइल पर्यायासह डेटा(२४) दिल्यास वर्किंग-स्टोरेज, म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटा, रेषेखाली येते. लिंकेज सेक्शनमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून, आलेल्या डेटासाठी मात्र तो डेटा ज्याच्या मालकीचा आहे तो प्रोग्रॅम या पर्यायाने कंपाइल करावा लागतो, आणि दर कॉलला नव्याने मिळणाऱ्या लोकल-स्टोरेजवर तर या पर्यायाचा काहीच परिणाम होत नाही. त्यामुळे रन-टाइमला ऑल३१(ऑफ) (सगळे प्रोग्रॅम ३१-बिटी नाहीत हे सांगणारा पर्याय) आणि लोकल-स्टोरेज जिथे असते तो स्टॅक रेषेखाली, हेही हवेच.

सोर्स हाताशी असेल तर माझ्या मते रुटीनच ३१ बिटांवर न्यावे. त्यासाठी नुसते ‘एमोड ३१’ लिहून भागत नाही. वरच्या बाइटात फ्लॅग ठेवणारी आणि एलए (रजिस्टरमध्ये पत्ता भरणाऱ्या) सूचनेने तो बाइट पुसला जाईल असे गृहीत धरणारी प्रत्येक ओळ शोधावी लागते. ३१-बिट मोडमध्ये एलए सर्वांत वरचा एकच बिट पुसते.

६४ बिटांचा मोह तूर्त आवरावा. आयबीएमच्या एंटरप्राइझ कोबोल ६.३ या कंपाइलरमध्ये ६४ बिटांसाठीचा एलपी(६४) पर्याय मिळतो खरा, पण त्यात पॉइंटर ४ ऐवजी ८ बाइटचा होतो आणि पॉइंटर असलेल्या प्रत्येक कॉपीबुकमधल्या (अनेक प्रोग्रॅमांत वापरल्या जाणाऱ्या सामाईक मांडणीतल्या) रेकॉर्डची लांबी बदलते.