रनटाइम लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली की जुने प्रोग्रॅम का कोसळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात तुम्ही तिघं मिळून एका छोट्या भाषेची सी-मध्ये लिहिलेली ओपन सोर्स रनटाइम लायब्ररी (प्रोग्रॅम चालताना लागणारा सामायिक कोड) सांभाळता. १.४ मध्ये स्ट्रिंगच्या स्ट्रक्चरला ‘कपॅसिटी’ ही फील्ड जोडली आणि शिरोलीच्या फाउंड्रीत वजनं नोंदवणारा जुना प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावल्याने बंद पडणं) देऊ लागला. चाचणीचे प्रोग्रॅम रिकंपाइल केले की चालतात, पण फाउंड्रीतल्या प्रोग्रॅमचा सोर्स कुणाकडेच नाही.

रिकंपाइल केल्यावर चालतात, यातच निदान आलं. एपीआय, म्हणजे सोर्सच्या पातळीवरचा करार, शाबूत आहे; एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलींमधला (बायनरींमधला) करार, मोडलाय. ६४ बिट लिनक्सवर जुन्या स्ट्रक्चरमध्ये आधी ४ बाइटची लांबी, मग ४ बाइट पॅडिंग (रिकामी भरती), आणि डेटाचा पॉइंटर (पत्ता) ऑफसेट ८ वर, म्हणजे सुरुवातीपासून ८ बाइटवर होता. तुम्ही मध्ये ८ बाइटची कपॅसिटी घातलीत, पॉइंटर १६ वर सरकला. जुन्या बायनरीत मात्र ‘८’ हा ऑफसेट कंपाइल होतानाच पक्का झालाय. ती तिथलं उचलते, समजा कपॅसिटी ६४ असेल तर ६४ हाच पत्ता समजून वाचायला जाते. इतक्या खालचा पत्ता मॅप केलेलाच नसतो, म्हणून प्रोग्रॅम मरतो. फाउंड्रीच्या भाषेत, बाहेरचा आकार देणारा पॅटर्न बदलला आणि आतली पोकळी ठरवणारा कोअर बॉक्स जुनाच राहिला.

फील्ड शेवटी टाकली असती तर भागलं असतं का? वापरणारे ते स्ट्रक्चर स्वतः स्टॅकवर किंवा अ‍ॅरेमध्ये बनवत नसतील, तरच. बनवत असतील तर जुन्या बायनरीला आकार १६ बाइटच माहीत असतो आणि तुमची लायब्ररी त्यापुढच्या मेमरीत लिहिते. हे जास्त वाईट, कारण फॉल्ट दुसरीकडेच कुठेतरी दिसतो.

आज करायचं ते एवढंच: जुना लेआउट परत आणून १.४.१ काढा आणि १.४.० मागे घेतल्याचं ठळक लिहा. १.४.० वर कंपाइल केलेल्यांना पुन्हा कंपाइल करावं लागेल. ते थोडेच असतील तोवरच हा मार्ग सोपा आहे. कपॅसिटी सध्या डेटाच्या आधी, लायब्ररीने स्वतः मागून घेतलेल्या जागेत लपवून ठेवता येते.

पुढच्या मोठ्या आवृत्तीत स्ट्रक्चर हेडरमधून (वापरणाऱ्यांना दिलेल्या घोषणांच्या फाइलीतून) काढा, फक्त नाव जाहीर करा आणि लांबी, डेटा फंक्शनमधून द्या. हेडरमधले मॅक्रो आणि इनलाइन फंक्शनही तपासा. तीही वापरणाऱ्याच्या बायनरीत उतरतात, हे हमखास विसरलं जातं. त्याच वेळी सोनेम, म्हणजे प्रोग्रॅम ज्या नावाने लायब्ररी शोधतो ते नाव, ‘.एसओ.१’ वरून ‘.एसओ.२’ करा. दोन्ही फाइली शेजारी राहतात, जुना प्रोग्रॅम जुनीच उचलतो. एरवी मात्र सोनेम वाढवायची घाई करू नका: जीसीसीची सी++ लायब्ररी २००४ पासून ‘.एसओ.६’ वरच आहे.

वर्तन बदलायचं असेल तर सिम्बॉल व्हर्जनिंग वापरा, म्हणजे एकाच फंक्शनच्या जुन्या-नव्या आवृत्त्या एकाच लायब्ररीत ठेवा. जीलिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीतलं, मेमरीची नक्कल करणारं ‘मेमकॉपी’ हे फंक्शन याचं चांगलं उदाहरण. एकमेकांवर चढणाऱ्या जागांसाठी ते नाहीच, तरी काही प्रोग्रॅम तसं वापरत होते. अंमलबजावणी वेगवान झाली आणि २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला. चूक वापरणाऱ्याची होती, तरी जीलिबसी २.१४ मध्ये नव्या बायनरींना नवं मेमकॉपी आणि जुन्यांना, एकमेकांवर चढणाऱ्या जागाही सांभाळणाऱ्या ‘मेममूव्ह’सारखं वागणारं, अशी सोय केली गेली. माझ्या मते रनटाइम सांभाळणाऱ्याची जबाबदारी ही अशी असते.

सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत, दोन तपासण्या हव्यातच. एक, मागच्या रिलीजची आणि आजची फाइल डीबग माहितीसह बिल्ड करून दोन फाइलींचा एबीआय ताडणाऱ्या ‘एबीआयडिफ’ने तपासा; एक्झिट कोडमध्ये (तो संपताना देतो त्या आकड्यात) ४ चा बिट लागला तर बदल स्वतः पाहा, ८ चा लागला तर मर्ज थांबवा. दुसरी, १.० वर कंपाइल केलेल्या चाचण्यांच्या बायनरी जपून ठेवा आणि त्या नव्या लायब्ररीवर जशाच्या तशा चालवा. एबीआयडिफला लेआउट कळतो, वर्तन कळत नाही.

आणि बायनरी वाटताना बिल्ड सगळ्यात जुन्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वितरणाच्या) कंटेनरमध्ये करा. नव्या उबुंटूवर बनवलेली फाइल जुन्या मशीनवर ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणून सुरूच होत नाही. १.४.१ पाठवण्याआधी शिरोलीच्या मशीनवर ‘एलडीडी’ या कमांडची आवृत्ती विचारून घ्या, तिथली जीलिबसी कोणती आहे ते तीच सांगते.