‘फोल्डर काढा’ म्हणजे करा की उडवा?

प्रश्न कुडाळकडच्या एका शिक्षिकेचा आहे. शाळेतली मुलं अ‍ॅप इन्व्हेंटरमध्ये ठोकळे जोडून मोबाइलचं अ‍ॅप करतायत. बंदरावर टिपलेले माशांचे फोटो ज्या त्या फोल्डरात जायला हवेत, बांगड्याचे ‘बांगडा’त, सुरमईचे ‘सुरमई’त. बाईंनी सूचना मराठीत लिहून दिल्या. त्यांत एक ओळ होती, ‘आता बांगडा हा फोल्डर काढा.’ काही मुलांनी ‘मेक डिरेक्टरी’चा जांभळा ठोकळा ओढला, काहींनी ‘रिमूव्ह डिरेक्टरी’चा (डिरेक्टरी म्हणजे फोल्डरच). बाई विचारतात, बरोबर कोण, आणि अशा वेळी लिहायचं तरी काय?

बरोबर दोघंही. ‘काढणे’ हे क्रियापदच तसं आहे. प्राकृतात ‘कड्ढ’ म्हणजे ओढणे. तिथून मराठीत आतून बाहेर आणणे. जे बाहेर आलं त्याच्याकडे पाहिलं तर काहीतरी नवीन झालं, जिथून आलं तिकडे पाहिलं तर काहीतरी गेलं. म्हणून आपण रांगोळी काढतो, देवगडला दुकान काढतो, कलमं घ्यायला कर्ज काढतो. आणि काटा काढतो, दात काढतो, चपला दाराबाहेर काढतो. नावाची तर गंमतच आहे. पोरगा बापाचं नाव काढतो तेव्हा पेढे वाटतात, आणि यादीतून कुणी नाव काढलं तर भांडण होतं!

एरवी बोलताना घोटाळा होत नाही, कारण कर्मावरून कळतं. रांगोळी आधी नसते, काढल्यावर असते. दात आधी असतो, काढल्यावर नसतो. फोल्डर मात्र असा पदार्थ आहे की तो आधी असेलही, नसेलही. ‘नवीन’ शब्द घातला असता तर प्रश्न मिटला असता.

तेव्हा करायच्या बाजूला सरळ ‘नवीन फोल्डर तयार करा’. नुसतं ‘करा’ही चालतं, बोलताना आपण तेच म्हणतो. ‘बनवा’ हिंदी वाटतो म्हणून काही जण नाक मुरडतात. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

खरी अडचण दुसऱ्या बाजूची. मोबाइलच्या मराठी मेनूत डिलीटला ‘हटवा’ म्हणतात. तो शब्द रुळलाय, पण मला पटत नाही. हटवणे म्हणजे वाटेतून बाजूला करणे. परशुराम घाटातली दरड हटवतात, तेव्हा माती नाहीशी होत नाही, रस्ता मोकळा होतो. शिवाय फाइल दुसरीकडे नेण्याला त्याच मेनूत ‘हलवा’ म्हणतात. हलवा आणि हटवा, एका अक्षराचा फरक, तोही छोट्या पडद्यावर. पोरांच्या हाती हे देऊ नये.

त्यापेक्षा ‘काढून टाका’. इथे ‘टाकणे’ हे सहायक क्रियापद सगळा निकाल लावतं, मग ‘काढणे’चा दुसरा अर्थ कुणाच्या मनातही येत नाही. ‘ठेवणे’ लावलं की उलट होतं: ‘फोटो काढून ठेवा’ म्हणजे जपून बाजूला ठेवा, अगदी बॅकअपसुद्धा. तोंडी ‘उडव’ किंवा ‘डिलीट मार’ म्हणा, कोण अडवतंय. ‘पुसा’ मात्र फाइलीच्या आतल्या मजकुरासाठी राखून ठेवावा.

बाईंनी न विचारलेली एक गोष्ट, कारण पुढच्याच तासाला ती येणार. ‘रिमूव्ह डिरेक्टरी’च्या ठोकळ्याला ‘रिकर्सिव्ह’ नावाची एक खाच असते. तिथे ‘ट्रू’ जोडलं तर फोल्डर आतल्या सगळ्यासकट जातो. ‘फॉल्स’ जोडलं तर फोल्डर रिकामा असेल तरच जातो. कॉलेजात लॅबव्ह्यू, म्हणजे पडद्यावर चित्रं तारांनी जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांनाही हे भेटतं. तिथल्या ‘डिलीट’ला ‘एंटायर हायरार्की’ असा प्रश्न असतो, आणि त्याला तार जोडलीच नाही तर तो ‘फॉल्स’ धरून चालतो. ‘रिकर्सिव्ह’ला ‘पुनरावर्ती’ वगैरे घडवत बसू नका. आपल्याकडे ‘सकट’ आहे. ‘बांगडा हा फोल्डर आतल्या फोटोंसकट काढून टाका’ लिहिलं की ‘ट्रू’ लावायचं हे मुलांना आपोआप कळेल. ‘फॉल्स’साठी ‘रिकामा असेल तरच काढून टाका’ असं पूर्ण लिहा. ‘रिकामा फोल्डर काढून टाका’ एवढंच लिहिलंत, तर एखादं आज्ञाधारक पोर आधी सगळे फोटो उडवून तो रिकामा करून घेईल.