पुढे काय चालणार, हे मला कळायलाच हवं!

"मॅडम, पुढचा ट्रेंड आधी ओळखता आला नाही, तर धंदा बसेल." गेल्या काही वर्षांत समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की, समोरची व्यक्ती खुर्चीत सावरून बसते तेव्हाच मला त्याची चाहूल लागते. कुणाचा स्वतःचा व्यवसाय असतो, कुणी कंपनीचं सोशल मीडिया सांभाळतं. धास्ती तीच. म्हणून एका गृहस्थांचा अनुभव सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

लहान मुलांची लाकडी खेळणी बनवणारे हे गृहस्थ चाळिशीच्या आतले. कोणतं गाणं वर चढतंय, कोणतं नवं अ‍ॅप आलंय, काय दाखवायचं हे ठरवणारा अ‍ॅपचा अल्गोरिदम कशाला उचलून धरतोय, हे पाहत रात्री दोनपर्यंत जागायचे. झोप चार तासांवर आली, तेव्हा पत्नीनं त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"एखादा ट्रेंड हुकला, तर काय होईल?"

"मागे पडेन."

"आणि मागे पडलात तर?"

बराच वेळ गेला. "मग मला धंद्यातलं काही कळत नाही, हे सगळ्यांना दिसेल."

खरी भीती इथे होती. 'कळलं तर बरं' आणि 'कळायलाच हवं' यांत सगळा खेळ त्या 'च'चा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या, असे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी श्रद्धा बसली, ती या 'च'मुळेच. इच्छा माणसाला कामाला लावते. तिचा हट्ट झाला की ती झोप खाते.

पण 'च' सोडा असं सांगून तो सुटत नाही. मी त्यांना घरी करायला एक काम दिलं. आजवर हुकलेले ट्रेंड वहीत लिहायचे आणि प्रत्येकापुढे झालेलं नुकसान.

पुढच्या वेळी वही उघडली. पहिलं नाव क्लबहाउस, आवाजी गप्पांचं अ‍ॅप. 2021 च्या सुरुवातीला तिथं निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता आणि ते मिळालं नाही म्हणून यांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. नुकसानाच्या रकान्यात रेघ. मग गूगल प्लस, गूगलचं सोशल नेटवर्क. 2011 मध्ये आलं, 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झालं. पुन्हा रेघ.

"छोटे व्हिडिओ मात्र खरंच हुकले," ते म्हणाले. "2020 मध्ये रील्स आले, मी वर्षभरानं सुरू केले."

"त्याआधी असे व्हिडिओ कुठेच नव्हते?"

ते बोटांवर मोजू लागले. 'वाइन' या अ‍ॅपवरचे सहा सेकंदांचे व्हिडिओ 2013 चे, 2017 च्या जानेवारीत ते अ‍ॅप बंद पडलं. मग म्युझिकली, मग टिकटॉक. बोटं मध्येच थांबली.

"म्हणजे हे सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. अ‍ॅप मेलं, पण प्रकार जगला. एका रात्रीत ओळखावं असं त्यात काही नव्हतंच."

मी गप्प राहिले. हे वाक्य मी त्यांना सांगू शकले असते, पण मग ते माझंच राहिलं असतं. समोरच्याला आपलं उत्तर आपणहून सापडेपर्यंत थांबता येणं, हे मी इतक्या वर्षांच्या कामातून कमावलं आहे.

थोड्या वेळानं विचारलं, "हे जगाचं झालं. तुमची गिऱ्हाइकं काय विचारतात?"

त्यांनी फोन काढला आणि ट्रेंड पाहण्याऐवजी गिऱ्हाइकांचे आलेले मेसेज चाळू लागले. 'मुलानं तोंडात घातलं तर रंग चालेल ना?' तीन वर्षं हाच प्रश्न शब्द बदलून येत होता. प्रत्येकाला ते वेगळं उत्तर पाठवत होते. त्यावर एकही व्हिडिओ केला नव्हता.

"पुढच्या वर्षीही हेच विचारतील," ते म्हणाले.

"किती खात्री?"

"दहापैकी नऊ." भीती न बाळगता केलेलं त्यांचं हे पहिलं भाकीत.

अशी धास्ती असलेल्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते. भाकीत जरूर करा, पण दहापैकी किती, हे तारखेसह लिहून ठेवा. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी 284 तज्ज्ञांची भाकितं सुमारे दोन दशकं तपासली. एकाच मोठ्या सिद्धांताला धरून बसणाऱ्यांपेक्षा मत बदलायला तयार असणारे सरस ठरले. ज्यांच्या हाती सगळे आकडे असतात, त्या कंपन्यांचेही अंदाज चुकतात. ट्विटरनं नोव्हेंबर 2020 मध्ये आणलेलं फ्लीट्स, म्हणजे दिवसभरात आपोआप नाहीशा होणाऱ्या पोस्टची सोय, ऑगस्ट 2021 मध्ये गुंडाळलं. मग तुमचा अंदाज चुकला, तर त्यात तुमची लायकी कुठून आली?

नवं काही करून पाहताना कुठे थांबायचं, ते सुरू करण्याआधीच ठरवा. ट्रेंड पाहायला आठवड्यातला एक ठरलेला तास पुरतो. गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि ईमेल, त्यांच्या संमतीनं, स्वतःकडे ठेवा. अ‍ॅप बुडालं तरी माणसं बुडत नाहीत, आणि मला विचाराल तर ही एक यादी दहा भाकितांपेक्षा जास्त शांत झोप देते.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. एक नवं अ‍ॅप आलं होतं. "आमच्या ब्रँडचं नाव तिथे नोंदवून ठेवलं, वहीत 'दहापैकी दोन' लिहिलं," ते म्हणाले, "आणि अकराला झोपलो."